पाठ लावून घ्यायला शिकलेले फुटबॉलवाले

प्रश्न थोडक्यात असा: भाचा डॅलसजवळच्या हायस्कूलमध्ये फुटबॉल खेळतो. वय १७, उंची सहा फूट तीन इंच, वजन ११० किलोच्या घरात. त्याने घरी जाहीर केलंय की आधी कॉलेज फुटबॉल, जमलं तर एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग), आणि नाहीच जमलं तर डब्ल्यूडब्ल्यूई. कोणी हसलं की गोल्डबर्ग, रॉक, रोमन रेन्स ही नावं तोंडावर फेकतो. मामांना विचारायचंय, असा रस्ता खरंच आहे का? आणि या फुटबॉलवाल्यांना कुस्ती येते तरी का?

मी टेक्सासमध्ये ॲथलेटिक ट्रेनर आहे. म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल संघाचे घोटे बांधणारा, गुडघे चाचपणारा, कोण लंगडं लपवतोय ते चालीवरून ओळखणारा माणूस. १९ वर्षं झाली. त्यातली शेवटची आठ वर्षं आठवड्यातून दोन संध्याकाळी एका छोट्या प्रो-रेसलिंग (डब्ल्यूडब्ल्यूईछाप, निकाल आधी ठरलेल्या कुस्तीच्या) शाळेतही जातो. आणि त्याआधीचं लहानपण सांगली जिल्ह्यातल्या तालमीत गेलं, त्यामुळे दोन्हीकडचं थोडंथोडं अंगाला लागलेलं आहे. (फुटबॉल म्हणजे इथे हेल्मेट आणि लांबुळका चेंडू. आपल्या फुटबॉलमधूनही एखाददुसरा गेलाय. जर्मनीचा गोलकीपर टिम वीझं २०१६ मध्ये म्युनिकला डब्ल्यूडब्ल्यूईच्या रिंगणात एकदा उतरला होता. पण ती गंमत. वाट पडली ती अमेरिकन फुटबॉलमधूनच.)

रस्ता आहे, आणि तो जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. फक्त त्यावरून जाणारी माणसं मधल्या काळात पार बदलली. आधी कोण जायचं आणि का, ते कळलं की भाच्याचा हिशेब कुठे चुकतोय ते आपोआप दिसेल.

४ जानेवारी १९२९, बॉस्टन गार्डन. एड 'स्ट्रँगलर' लुईस हा जगज्जेता, डोकं कवेत आवळून माणसाला गार करणारा, खरी कुस्ती येणारा मल्ल. समोर गस सोनेनबर्ग. जेमतेम साडेपाच फूट, पिंपासारखा, नुकताच प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर या संघाबरोबर १९२८ चं एनएफएल अजिंक्यपद जिंकून आलेला. डाव एकच: लांबून पळत यायचं आणि हवेतून खांदा समोरच्याच्या पोटात घालायचा. फ्लाइंग टॅकल. लुईस दोरांबाहेर जाऊन पडला आणि किताब फुटबॉलवाल्याकडे गेला. निकाल आधीच ठरलेला होता, बॉस्टनच्या पॉल बाऊझर या प्रमोटरने जुळवलेला. पण लोकांनी जे पाहिलं ते नवीन होतं. तोवरच्या कुस्त्या म्हणजे दोन जाडजूड माणसं तासभर एकमेकांना धरून बसलेली. आपल्या जत्रेतही अशी जोड लागली की पब्लिक 'सोडवा, सोडवा' म्हणून ओरडायला लागतं. सोनेनबर्गने त्यात वेग आणला, आणि प्रमोटर फुटबॉलच्या मैदानांवर माणसं हेरत फिरायला लागले.

त्यांना मिळालेला सगळ्यात मोठा मोहरा ब्रॉन्को नागुर्स्की. १९०८ चा जन्म, मिनेसोटाच्या पार उत्तरेला कॅनडाच्या वेशीवरच्या इंटरनॅशनल फॉल्सचा. शिकागो बेअर्सकडून १९३० पासून खेळला. १९६३ मध्ये प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम सुरू झालं तेव्हा पहिल्याच तुकडीत त्याचं नाव होतं. म्हणजे हा काही फुटबॉलमधून हाकललेला माणूस नव्हे, त्या खेळातला अव्वल होता. तरी कुस्तीत का गेला? पैसा. सुरुवात वर्षाला ५,००० डॉलरवर झाली आणि महामंदीत आकडा वाढायच्या ऐवजी घसरत गेला. कुस्तीत एका रात्रीचे रोख मिळत. मग दोन्ही एकदम सुरू. १९३७ मध्ये तीन आठवड्यांत पाच फुटबॉल सामने आणि आठ शहरांत कुस्त्या असा त्याचा दौरा सांगितला जातो. तोही विमानात पाय पसरून नव्हे, आगगाडीने. त्याच वर्षी डीन डेटनला हरवून जागतिक किताब घेतला, हंगाम संपल्यावर पगाराच्या वादातून बेअर्स सोडली, आणि १९३९ मध्ये लू थेसला हरवलं. १९४३ मध्ये माणसं युद्धावर गेल्यामुळे बेअर्सने त्याला परत बोलावलं, तर गेला आणि अंतिम सामन्यात टचडाऊन करून आला. म्हातारपणी गावात पेट्रोल पंप चालवायचा.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण आहे. मधली पस्तीस-चाळीस वर्षं हाच नमुना चालला: फुटबॉल नावासाठी, कुस्ती पोटासाठी. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचा लिओ नोमेलिनी, इटलीत लुक्का इथे जन्मलेला, एनएफएलमध्ये १४ मोसम खेळला, एकही सामना चुकवला नाही, आणि सुट्टीच्या महिन्यांत कुस्त्या करायचा. सुट्टी म्हणजे जानेवारी ते जुलै. त्या काळात इतर खेळाडू विमा विकत, गाड्यांच्या शोरूममध्ये उभे राहत. ज्याच्या अंगात दम आणि थोडी नौटंकी असेल तो रिंगणात जाई.

यातला माझा आवडता म्हणजे अर्नी लॅड. सहा फूट नऊ इंच, दीडशे किलोच्या आसपास. ग्रॅम्ब्लिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून १९६१ मध्ये सॅन डिएगो चार्जर्सकडे आला आणि त्याच सुमारास कुस्तीही सुरू केली. संघाला १९६३ चं एएफएल (एनएफएलची तेव्हाची प्रतिस्पर्धी लीग) अजिंक्यपद मिळालं त्यात तो होता. पण लॅड कळतो तो जानेवारी १९६५ मध्ये. ऑल-स्टार सामन्यासाठी न्यू ऑर्लिन्सला गेलेल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना टॅक्सी मिळेना, दारातून परत पाठवलं जाई. त्यांनी खेळायलाच नकार दिला, आणि सामना ह्यूस्टनला हलवावा लागला. लॅड त्या नकारात होता. आपली किंमत स्वतः ठरवायची सवय लागलेला असा माणूस मालकाने टेकवलेल्या पगारावर किती दिवस राहणार? गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्याने हिशेब केला आणि कायमचा कुस्तीत गेला. तिथे खलनायक झाला. त्या काळी कृष्णवर्णीय पैलवानाला प्रमोटर शक्यतो गोड भूमिकेत ठेवत, आणि हा खुशाल माइक हातात घेऊन अख्ख्या गावाच्या शिव्या खायचा. हॉल भरायचे.

त्याच लीगमधला दुसरा वाहू मॅकडॅनियल, ओक्लाहोमाचा, चोक्टॉ-चिकसॉ आदिवासी वंशाचा. १९६४ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे असताना त्याने टॅकल केला की निवेदक विचारायचा 'कोणी पाडलं?' आणि अख्खं स्टेडियम ओरडायचं 'वाहू!' नंतर रिंगणात त्याची ओळख झाली ती उघड्या छातीवर मारायच्या चापटीमुळे. चापट म्हटलं की आपल्याला हलकी वाटते. शाळेतल्या मुलांना मी एकदा हळू मारून दाखवली तर दुसऱ्या दिवशी पाचही बोटं छातीवर उमटलेली होती. वाहू हळू मारत नसे.

आता बघा, नागुर्स्की, नोमेलिनी, लॅड, वाहू: सगळे फुटबॉलमध्ये टिकलेले. मग टीव्हीचा पैसा आला आणि सगळं उलटं झालं. २०२४ मध्ये एनएफएलच्या अगदी नवख्या खेळाडूचाही किमान पगार वर्षाला ७,९५,००० डॉलर होता. ते सोडून कोण कशाला जिममध्ये दोर बांधत बसेल? त्यामुळे गेल्या चाळीस वर्षांत जे गेले ते बहुतेक फुटबॉलने अंग काढून घेतलेले: संघातून कापलेले, कॅम्पमधून (हंगामाआधीच्या निवड-सरावातून) परत पाठवलेले, गुडघा किंवा पोटाचा स्नायू फाटलेले. भाच्याने घेतलेली तिन्ही नावं बघा. रॉक मायामी विद्यापीठाच्या १९९१ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात होता, पण एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. १९९५ मध्ये कॅनडात कॅलगरीच्या सराव संघातून दोन महिन्यांत नारळ मिळाला. रोमन रेन्स २००७ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जकडे गेला, तिथे रक्ताचा कर्करोग निघाला, मग जॅक्सनव्हिल, मग कॅनडातलं एडमंटन, आणि संपलं. गोल्डबर्ग अटलांटा फाल्कन्सकडे १९९२ ते १९९४ होता आणि खालच्या पोटाचा स्नायू ओटीपोटाच्या हाडापासून सुटल्यामुळे बाहेर पडला.

आणि एक सावधगिरी. 'माजी एनएफएल खेळाडू' हे समालोचकाचं वाक्य जपून ऐकायचं. तीन आठवडे कॅम्पमध्ये घाम गाळलेल्यालाही ते लावतात. लहानपणी आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते होते, त्यात लेक्स लुगर आला की छाती-दंडावर डाव मारायचा. छाती किती इंच ते त्यावर छापलेलं असायचं, आधीचं काही नसायचं. इथे आल्यावर कळलं की तो माँट्रियलकडून कॅनडाच्या लीगमध्ये खेळलेला आणि ग्रीन बेच्या यादीत दुखापतग्रस्त म्हणून बसलेला माणूस.

टेक्सासचा विषय निघालाच आहे तर भाच्याला हे सांगा. डॅलसहून पाच-सहा तास गाडी हाकली की अमारिलो आणि त्याच्या शेजारी कॅन्यन. तिथल्या वेस्ट टेक्सास स्टेट या मध्यम वकुबाच्या कॉलेजच्या फुटबॉल संघातून डोरी आणि टेरी फंक, डस्टी ऱ्होड्स, स्टॅन हॅन्सन, ब्रुझर ब्रोडी, टिटो सँटाना, टली ब्लँचर्ड, टेड डिबियासी इतके पैलवान निघाले. पाण्यात काही नव्हतं. अमारिलोत फंक कुटुंबाचा कुस्तीचा धंदा होता आणि पोरं समोरच खेळत होती. आपल्याकडे एखाद्या गावात एक चांगला वस्ताद असला की त्या पंचक्रोशीत पैलवानांची रांग लागते, तसंच. संपर्क महत्त्वाचा, अंगयष्टी नंतर.

मोठी नावं एका रात्रीसाठी येतात, ती सोडून द्या. १९८६ च्या दुसऱ्या रेसलमेनियात विल्यम 'रेफ्रिजरेटर' पेरी आणि पाच-सहा फुटबॉलवाले वीस जणांच्या घोळक्यात उतरले. १९९५ मध्ये लॉरेन्स टेलरने बॅम बॅम बिगेलोला हरवलं. टेलर चांगला दिसला याचं निम्मं श्रेय बिगेलोला, कारण कुठे उभं राहायचं आणि कधी पडायचं ते सगळं तो सांभाळत होता.

आता 'येते का' हा प्रश्न.

लाल मातीत पाठ लागली की कुस्ती संपली. म्हणून तालमीत पहिल्या दिवसापासून शरीराला एकच धाक असतो: काही झालं तरी पाठ टेकू द्यायची नाही. पोटावर पड, कुशीवर पड, मानेवर पूल कर. प्रो-रेसलिंगमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे पाठ टेकवणं. याला बंप म्हणतात. हनुवटी छातीला, नजर बेंबीकडे, गुडघे वाकवून मागे झोकून द्यायचं. वरची पाठ एकदम सपाट आदळली पाहिजे, त्याच क्षणी दोन्ही हात शरीरापासून थोडे लांब, तळवे खाली, फटका मारून आदळायचे आणि श्वास सोडायचा. रिंगण मऊ असतं हा गैरसमज आहे. लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, बोटभर फोम आणि वर कॅनव्हास. पहिल्या आठवड्यात पाठ काळीनिळी होते.

आणि इथेच फुटबॉलवाला अडतो. तो आयुष्यभर पुढे पडलाय, खांद्याला पॅड लावून, डोक्यावर हेल्मेट घालून. मागे पडणं म्हणजे त्याच्या खेळात हार. कोच ओरडतो. त्यामुळे तोल मागे गेला की त्याचा हात आपोआप आधार शोधायला मागे जातो. चार वर्षांपूर्वी आमच्या शाळेत एक डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या पहिल्या फळीतला धिप्पाड खेळाडू) आला होता, १३० किलोचा, कॉलेज संपलेला, एनएफएलच्या दोन कॅम्पमधून परतलेला. पहिले दोन बंप सुंदर. मला वाटलं, हा शिकून आलाय. तिसऱ्याला त्याला थकवा आला आणि हात गेला मागे. १३० किलो एका मनगटावर. स्कॅफॉईड नावाचं काजूएवढं हाड असतं अंगठ्याच्या मुळाशी, ते मोडलं. रक्तपुरवठा कमी असल्याने ते लवकर जुळत नाही. दहा आठवडे प्लास्टर. परत आला तेव्हा मी त्याच्या दोन्ही मुठीत टेनिसचे चेंडू दिले आणि महिनाभर तसेच बंप घ्यायला लावले. मूठ बंद असली की हात टेकायला जात नाही. ही युक्ती कोणत्या पुस्तकातली नाही, आमच्या तालमीत लहान पोरांना डाव सोडू नये म्हणून हातात कापडाची गुंडाळी देत, त्यावरून सुचली.

दुसरी अडचण दमाची. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. फुटबॉलची एक प्ले, म्हणजे एक चाल, पाच-सहा सेकंदांची, आणि पुढच्या प्लेसाठी ४० सेकंदांचं घड्याळ. शरीर त्या मापाने घडलेलं असतं: एक स्फोट, मग विश्रांती. रिंगणात पंधरा मिनिटं कोणी शिट्टी वाजवत नाही. तिसऱ्या मिनिटाला ओठ पांढरे पडतात, आणि दमलेला माणूस समोरच्याला इजा करतो. गोल्डबर्गच्या बाबतीत कंपनीने (डब्ल्यूसीडब्ल्यू, डब्ल्यूडब्ल्यूईची तेव्हाची प्रतिस्पर्धी) हे फार हुशारीने झाकलं. सप्टेंबर १९९७ मध्ये पदार्पण, दोन-तीन मिनिटांच्या लढती, एक स्पिअर, एक जॅकहॅमर (उचलून आपटायचा डाव), घरी. स्पिअर म्हणजे काय? सोनेनबर्गचाच टॅकल, सत्तर वर्षांनी. जुलै १९९८ मध्ये त्याने हल्क होगनला हरवून किताब घेतला तो जॉर्जिया डोममध्ये, जिथे फाल्कन्सचे घरचे सामने होत. अपराजित लढतींचा आकडा कंपनीने १७३ पर्यंत नेला. मोजणाऱ्यांनी मोजला तर बराच कमी भरतो. पण शिकायला जो वेळ लागतो तो त्याला मिळालाच नाही. डिसेंबर १९९९ मध्ये त्याची एक लाथ ब्रेट हार्टच्या डोक्यात खरी बसली, आणि पुढच्याच वर्षी हार्टसारख्या कसलेल्या माणसाची कारकीर्द संपली.

मैदानात जो जितक्या जोरात आदळेल तितका चांगला. रिंगणात समोरच्याचं शरीर तुमच्या ताब्यात असतं आणि त्याला उद्या दुसऱ्या गावात काम असतं. हा फरक ज्यांना कळला ते मोठे झाले. २ ऑगस्ट १९९२ ला बाल्टिमोरमध्ये रॉन सिमन्सने व्हेडरला हरवून डब्ल्यूसीडब्ल्यूचा किताब घेतला, तो मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. ती लढत वेळ काढून बघा. सिमन्स फ्लोरिडा स्टेट कॉलेजसंघाचा नोज गार्ड (बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा), ज्याची ५० क्रमांकाची जर्सी कॉलेजने निवृत्त केली. व्हेडर म्हणजे लिऑन व्हाइट, लॉस एंजेलिस रॅम्सचा, गुडघ्याने घरी बसलेला. दोघेही फुटबॉलचे, दोघांचंही आदळणं खरं वाटतं, आणि शेवटी व्हेडर एवढं धूड उचलून घेऊ देतो तेव्हा स्वतःचं वजन कसं देतो ते पाहण्यासारखं आहे.

धोका लपवणार नाही. डॅरेन ड्रॉझडॉव्ह डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून खेळून कुस्तीत आला. ऑक्टोबर १९९९ मध्ये एका साध्या लढतीत पॉवरबॉम्ब (उचलून पाठीवर आपटायचा डाव) चुकला, मान मोडली, आणि २०२३ मध्ये मरेपर्यंत तो व्हीलचेअरवर होता. आणि डोक्याचं वेगळंच. हार्वर्डकडून फुटबॉल खेळून डब्ल्यूडब्ल्यूईत गेलेला ख्रिस नॉविन्स्की २००३ च्या डोक्याच्या मारानंतर थांबला आणि मेंदूच्या दुखापतींवर काम करणारी संस्था त्याने उभी केली. फुटबॉलमधले बारीकसारीक मार मेंदूत जमा होत जातात. कुस्तीत जाताना मुलगा ती थकबाकी बरोबर घेऊन जातो, पाटी कोरी नसते.

तर भाच्याचं. आजचा रस्ता सरळ कॉलेजमधून जातो. डब्ल्यूडब्ल्यूईने २०१३ मध्ये ऑर्लँडोत प्रशिक्षण केंद्र काढलं आणि २०२१ च्या अखेरीपासून खेळाडू कॉलेजात असतानाच त्यांच्याशी करार करायला सुरुवात केली. ब्रॉन ब्रेकर २०२० मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सच्या कॅम्पमधून कापला गेला आणि पुढच्याच वर्षी कुस्तीत होता. त्याचा बाप रिक स्टायनर आहे, हे भाचा सांगायला विसरला असेल. रॉक आणि रेन्स हेही पैलवानांच्या घरातलेच. त्यामुळे 'नाही जमलं तर डब्ल्यूडब्ल्यूई' हे 'नाही मिळालं मेडिकल तर आयएएस' म्हणण्यासारखं आहे. उलट्या दिशेचंही उदाहरण त्याला द्या. कॉलेज कुस्तीचा राष्ट्रीय विजेता ब्रॉक लेस्नर २००४ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई सोडून व्हायकिंग्जच्या कॅम्पला गेला आणि हंगाम सुरू व्हायच्या आत परत आला.

माझं ऐकणार असाल तर: त्याच्या शाळेत कुस्तीचा संघ असेल, टेक्सासमध्ये बहुतेक मोठ्या शाळांत असतो. फुटबॉलचा मोसम संपला की हिवाळ्यात त्यात घाला. मान तयार होईल, दम वाढेल, आणि दुसऱ्याचं वजन अंगावर घ्यायची सवय लागेल. आतापर्यंत डोक्याला किती मार लागले, किती वेळा 'बेल वाजली' (मार बसून डोकं सुन्न झालं) म्हणून हसून सोडलं, ते कोचसमोर नव्हे, घरी बसून खरं विचारा. १८ वर्षांच्या आत कोणत्याही प्रो-रेसलिंग शाळेत पैसे भरू नका. आणि या शनिवारी घरात दोन जाड गाद्या एकावर एक टाका, त्याला उकिडवं बसवा, हनुवटी छातीला लावायला सांगा, आणि म्हणा, मागे पड. डोकं वर राहिलं की नाही ते आधी बघा, मग हात कुठे गेले ते.